आमचा ऑसिलेटर

गृहस्थाश्रमी मनुष्याच्या छंदाला घरांतल्या मंडळींची मान्यता मिळणें ही फार अवघड गोष्ट आहे. बागेचा छंद असला तर देवाला फुलें मिळतात, पुस्तकांचा असला तर निदान कपाट भरलेलें दिसतें. परंतु ज्याच्या छंदाचें फळ डोळ्यांना दिसत नाहीं, कानांना ऐकूं येत नाहीं आणि हातांत धरतां येत नाहीं, त्या गृहस्थानें काय करावें? आमचा छंद ह्या शेवटच्या जातीचा आहे. जुन्या रेडिओंचे सुटे भाग गोळा करावे, ते जोडून विद्युत्-लहरी उत्पन्न कराव्या, त्या उत्पन्न झाल्याची खात्री पटली कीं समाधान मानावें आणि सर्व पुन्हां सोडवून डब्यांत भरून ठेवावें, असा आमचा पंचवीस वर्षांचा क्रम. मुलुंडच्या आमच्या घरीं ह्या उद्योगाला "ह्यांचा पसारा" एवढेंच नांव होतें. २०१५ सालीं मात्र हा पसारा कोणाच्या तरी उपयोगीं पडण्याचा प्रसंग आला. त्याचीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

आमची आत्या गिरगांवांतील चाळींतली जागा सोडून आमच्याकडे कायमची राहावयास आली, तेव्हां तिच्याबरोबर एक ट्रंक, देवांचें तबक आणि लांकडी पेटीचा एक मोठा रेडिओ एवढेंच सामान होतें. रेडिओ आतोबांनीं घेतलेला. त्या काळीं रेडिओ बाळगावयाचा म्हणजे पोस्टांत पैसे भरून दरसाल परवाना काढावा लागे. तीं परवान्यांचीं पुस्तकेंहि आत्येनें ट्रंकेंत जपून ठेवलीं होतीं. रेडिओंत पांच व्हॉल्व्ह आणि सहावा तो हिरवा डोळा, ज्याला मॅजिक आय म्हणत. स्टेशन नीट लागलें कीं डोळ्याची कांठावरची सांवली मिटत जाई. आत्येच्या दृष्टीनें त्याला आतां अर्थ उरला नव्हता, कारण तिचें वय पंचाऐंशीच्या घरांत आलें होतें आणि काचबिंदूनें तिची नजर दहा वर्षांत थोडी थोडी करून सगळी नेली होती.

आंधळ्या माणसाला रेडिओ काय असतो हें ज्यानें जवळून पाहिलें नाहीं त्याला सांगून समजावयाचें नाहीं. दूरदर्शनचें यंत्र घरांत चोवीस तास बोलत असे, पण आत्येला तें परक्याच्या घरांतलें भांडण ऐकल्यासारखें वाटे. आपल्या हातानें बटण फिरवावें आणि हवें तें स्टेशन आणावें, एवढेंच एक कर्तृत्व तिच्याकडे उरलें होतें. त्या रेडिओचें बटण जड, वजनदार. डावीकडे टेकेपर्यंत न्यावयाचें आणि तेथून वेढे मोजावयाचे; इतके वेढे झाले कीं संध्याकाळची बी. बी. सी. ची हिंदी, त्याहून इतके पुढें गेलें कीं पंचवीस मीटरवर सकाळचें सिलोन. हे आंकडे तिच्या बोटांना पाठ होते. आम्हीं एक नवा ट्रान्झिस्टर आणून दिला, तो तिनें दोन दिवस वापरून परत केला. "अरे, ह्याचें चाक नखाएवढें आहे. ह्यांत मी कुठें आहें तेंच मला कळत नाहीं," असें ती म्हणाली. ह्या बोलण्यावर उत्तर सुचण्यासारखें नव्हतें.

पुढें पावसाळ्याच्या तोंडीं रेडिओ मुका झाला. आम्ही कामानिमित्त परगांवीं होतों. घरच्या मंडळींनीं एका दुरुस्ती करणाऱ्यास बोलाविलें. त्यानें एक फुटलेला कन्डेन्सर बदलला, हें चांगलें केलें. परंतु आंतल्या पत्र्याच्या डब्यांतले आणि कॉइलींवरचे स्क्रू त्याला सैल दिसले, म्हणून ते त्यानें एकूणएक घट्ट पिळले. वाचकांपैकीं ज्यांनीं रेडिओचें पोट उघडून पाहिलें असेल त्यांच्या अंगावर येथें कांटा येईल. ते स्क्रू पेटी बांधण्यासाठीं नसतात. सतारीच्या खुंट्या सैल दिसल्या म्हणून हातोडीनें ठोकून बसवाव्या तसाच हा प्रकार. रेडिओ बोलूं लागला. पण जवळचें मालाडचें मुंबई केंद्र तेवढें फिकें फिकें ऐकूं येई, सिलोन नाहींसें झालें, आणि जें कांहीं लागे तें आत्येच्या मोजलेल्या वेढ्यांवर लागत नसे. तिच्या ओळखीचें घर कोणींतरी रातोरात हलवून ठेवलें होतें.

ह्या जातीच्या रेडिओचें मर्म असें आहे कीं बाहेरून कोणतेंहि स्टेशन आलें तरी त्याचें रूपांतर आंत एकाच ठराविक कंपसंख्येंत करावयाचें आणि मग तें मोठें करावयाचें. आत्येच्या रेडिओच्या पाठीवरील कागदावर ही संख्या ४५५ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४,५५,००० आंदोलनें, अशी छापलेली होती. आंतल्या दोनहि आय. एफ. टी. ह्याच संख्येवर जुळलेल्या असाव्या लागतात. त्या जुळविल्यावर डायलचा कांटा आणि प्रत्यक्ष स्टेशन ह्यांचें नातें खालच्या व वरच्या टोकाला बसवावें लागतें. हें सर्व करावयास ज्याची कंपसंख्या आपल्याला नक्की ठाऊक आहे अशी लहर हातीं पाहिजे. अशी लहर देणारें प्रयोगशाळेंतलें यंत्र विकत घ्यावयाचें तर आमची दोन महिन्यांची बचत गेली असती. चोरबाजारांत जुनीं व्हॉल्व्हचीं यंत्रें मिळत. परंतु रेडिओ जुळविण्यासाठीं जें यंत्र आणावयाचें त्यालाच आधीं जुळवावें लागणार असेल तर व्यवहार उलटाच म्हणावयाचा.

आमचा एक भाचा बोरिवलीस राहतो. तो त्या वेळीं अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. मुलुंड आणि बोरिवली नकाशावर शेजारीं दिसतात, पण मध्यें सबंध राष्ट्रीय उद्यान आडवें पडलेलें असल्यामुळें शेजारधर्म दादरवरून वळसा घालून पाळावा लागतो. तो रविवारीं आला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही कशाला वेढे गुंडाळत बसतां ? ए. डी. ९८५० ह्या चिपचा तयार बोर्ड मिळतो. संख्या टाकली कीं तेवढ्या कंपसंख्येची लहर बाहेर पडते." तो म्हणत होता तें खरें होतें. त्या चिपेंत १२५ मेगाहर्ट्झच्या घड्याळावरून हिशेब करून लहरीचा एकेक बिंदु आंकड्यांनीं काढला जातो, आणि दोन कंपसंख्यांमधलें अंतर हर्ट्झच्या तिसाव्या भागाइतकें बारीक ठेवतां येतें. आंकड्यांनीं कोरलेली लहर पाहून आम्हांसहि कौतुक वाटतें. परंतु तो बोर्ड परदेशाहून यावयास तीन आठवडे लागणार होते, त्याला चालविणारा दुसरा बोर्ड वेगळा, आणि आत्या रोज सकाळीं उठून बटण फिरवून पाहत होती. शिवाय आम्हांला पांच-सहा कंपसंख्यांपलीकडे कांहीं नको होतें. तेव्हां एका ट्रान्झिस्टरचा ऑसिलेटर करावयाचा असें ठरलें.

ऑसिलेटर म्हणजे काय तें समजून घ्यावयास झोपाळ्यासारखें दुसरें साधन नाहीं. झोपाळ्याला एकदां झोंका दिला तर तो हळूहळू थांबतो, कारण कड्यांचें घर्षण आणि वारा त्याची शक्ति खातात. तो चालू ठेवावयाचा तर प्रत्येक फेरीला थोडा पाय मारावा लागतो. ह्यांत दोन अटी आहेत. पाय योग्य क्षणीं पडला पाहिजे आणि जेवढी शक्ति गेली तेवढीच परत मिळाली पाहिजे. कमी पडली तर झोपाळा थांबेल. जास्त पडली तर झोंके वाढत वाढत आढ्याला लागतील. जर्मनीच्या बार्कहाउसेननें १९२१ च्या सुमारास ऑसिलेटरांना हाच नियम गणितानें घालून दिला. कॉइल आणि कन्डेन्सर ह्यांची जोडी हा आपला झोपाळा, आणि ट्रान्झिस्टर हा पाय मारणारा मुलगा. दोन कन्डेन्सर एकापुढें एक जोडून त्यांच्या सांध्यांतून ट्रान्झिस्टरला परत थोडी लहर द्यावयाची, ही युक्ति अमेरिकेंतील कोलपिट्स ह्याची. पहिल्या महायुद्धाच्या शेवटास त्यानें ती काढली आणि ती अजूनहि त्याच्याच नांवानें चालते.

खरी मेख आहे ती "जेवढ्यास तेवढें" ह्या अटींत. लहर उत्पन्न करणें मुळींच कठीण नाहीं. किंबहुना नको असेल तेव्हां ती आपण होऊन उत्पन्न होते. कठीण आहे ती शुद्ध लहर. पाय जास्त मारला कीं ट्रान्झिस्टर आढ्याला लागतो, लहरीचे माथे कापले जातात, आणि कापलेल्या लहरींत मूळ संख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा लहरी मिसळतात. जिच्यांत अशी भेसळ नाहीं ती ज्या-लहर. इंग्रज लोक तिला साइन म्हणतात. पण तो शब्दहि आपल्या "ज्या" किंवा "जीवा" ह्या शब्दावरूनच, अरबांच्या हातून विपर्यास होऊन, लॅटिनमध्यें गेलेला आहे. आर्यभटाची जीवा अशी जग फिरून लॅमिंग्टन रोडवर परत आलेली पाहून आम्हांस नेहमीं मौज वाटते.

स्वस्त आणि शुद्ध ज्या-लहर हा प्रश्न किती मोलाचा आहे ह्याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. कॅलिफोर्नियांतील ह्यूलेट नांवाच्या तरुणानें १९३९ च्या सुमारास ध्वनीच्या कंपसंख्यांसाठीं एक ऑसिलेटर केला व त्यांत एक साधा बारीक दिवा बसविला. लहर वाढूं लागली कीं दिव्याची तार तापते, तापली कीं तिचा रोध वाढतो आणि परत जाणारी शक्ति आपोआप कमी होते. पाय मारणाऱ्या मुलाला जणूं वडीलमाणसानें डोळ्यांनींच दटावावें ! बाजारांतील तशीं यंत्रें शेंकडों डॉलरांचीं असतां ह्याची किंमत ५४ डॉलर ४० सेंट ठेवण्यांत आली. डिस्नेच्या कंपनीनें "फँटेशिया" ह्या बोलपटाच्या कामासाठीं त्याच घराण्यांतलीं आठ यंत्रें घेतलीं, आणि गॅरेजमध्यें सुरू झालेल्या त्या उद्योगाची ह्यूलेट-पॅकार्ड कंपनी झाली. आमच्या उच्च कंपसंख्येला ही दिव्याची युक्ति लागू पडत नाहीं. इतक्या घाईच्या लहरींसाठीं आम्ही ट्रान्झिस्टरला पाय मारण्याची मुभाच कमी ठेवतों. एक बारीक प्रीसेट लावावयाचा आणि लहर बंद पडते कीं काय अशा बेतावर आणून, तेथून किंचित् मागें सोडावयाचा.

लॅमिंग्टन रोडला नकाशांत डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात, पण तेथें काम असलेला मनुष्य हें नांव घेत नाहीं. शनिवारीं मुलुंडहून दादर, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, आणि ग्रँट रोडला उतरून पायीं. त्या रस्त्यावर मोबाइलांचे व संगणकांचे झगमगाट झालेले आहेत. तरी गल्ल्यांत आणि पहिल्या मजल्यांवर, काउंटरमागें लहान लहान खणांची भिंत असलेलीं दुकानें आम्हांस त्या दिवशींहि सांपडलीं. दोन बी. एफ. ४९४ ट्रान्झिस्टर, ४७० आणि १०० पिकोफॅरडचे पॉलिस्टायरीन कन्डेन्सर, ६.८ व्होल्टचा झेनर, ४५५ किलोहर्ट्झचा सिरॅमिक रेझोनेटर, ६ आणि १२ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल, वीस गेजची एनॅमलची तार. दुकानदारानें क्रिस्टल पुडींत बांधतां बांधतां विचारलें, "कॉलेज प्रोजेक्ट ?" आमच्या पिकल्या केसांकडे पाहूनहि त्यानें हें विचारलें, ह्यांत त्या बाजाराची उदारता दिसते. गँग कन्डेन्सर मात्र नवा मिळाला नाहीं. धातूच्या पाकळ्यांचा, हवेचा गँग एका भंगारवाल्यानें गोणींतून काढून दिला. सर्व मिळून खर्च ३४० रुपये, रेल्वेभाडें वेगळें.

पेटी घरचीच होती. चकलीसाठीं राखून ठेवलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा आम्हीं मागितला तेव्हां वाटाघाटी लांबल्या. शेवटीं आत्येनेंच "दे ग तो त्याला, दिवाळीला अजून अवकाश आहे," असा निकाल दिला. पत्र्याचाच डबा हवा ह्याला कारण आहे. लहर डब्यांतून फक्त आपण सोडूं त्या तारेनें बाहेर आली पाहिजे, नाहींतर ती वाटेल तिकडून रेडिओंत शिरते आणि आपण काय मोजतों आहों तें आपल्यालाच कळेनासें होतें.

हलक्या कंपसंख्येसाठीं एका मोडक्या ट्रान्झिस्टरमधली फेराइटची दांडी व तिच्यावरची कॉइल घेतली. कॉइल दांडीवर सरकविली कीं हवी ती मर्यादा मिळते. ४७० पिकोफॅरडचे दोन कन्डेन्सर आणि गँग मिळून ती सुमारें ३९० पासून ६०० किलोहर्ट्झपर्यंत फिरूं लागली. लघुलहरींसाठीं विजेच्या वायरिंगची पंचवीस मिलिमीटरची नळी कापून तिच्यावर पाऊण इंच लांबींत सोळा वेढे घातले, आणि दुसऱ्या तुकड्यावर सातच वेढे. वेढे हलूं नयेत म्हणून वरून मेणबत्तीचें मेण. पहिला ट्रान्झिस्टर लहर उत्पन्न करी. दुसरा नुसता मध्यस्थ, म्हणजे बाहेर काय जोडलें आहे ह्याची पहिल्याला खबरहि लागूं नये म्हणून ठेवलेला. जुन्या वाड्यांतल्या कारभाऱ्याचें काम तो करी.

आतां ही लहर नक्की कितीची हें कळावें कसें ? ह्या प्रश्नाला आम्हांस जें उत्तर सांपडलें त्याचा आम्हांस अजूनहि आनंद वाटतो, कारण तें फुकट होतें. मालाडच्या प्रक्षेपण केंद्रांतून त्या वेळीं मध्यमलहरींवर तीन कार्यक्रम येत, ५५८, १०४४ आणि ११८८ किलोहर्ट्झवर, आणि सरकारी केंद्राची कंपसंख्या बिनचूक राखलेली असते. ट्रान्झिस्टरवर ५५८ चें केंद्र लावावें आणि शेजारीं आपला ऑसिलेटर फिरवीत यावें. दोन लहरी जवळ आल्या कीं त्यांच्या फरकाइतकी शीळ ऐकूं येते; शीळ उतरत उतरत खर्जांत जाते, घरघरते आणि नाहींशी होते. त्या बिंदूला आपली लहर ५५८. मग ५२२ वर आणावी. तिची दुप्पट १०४४. नंतर ५९४, जिची दुप्पट ११८८. आणि ३९६, जिची तिप्पट तीच ११८८. लहर शुद्ध असली तरी दुपटी-तिपटीचा अत्यल्प अंश राहतोच, आणि ट्रान्झिस्टर डब्याला टेकवून ठेवला तर तेवढ्यावर काम भागतें. अशा चार खुणा आलेखाच्या कागदावर मांडून रेघ ओढली, आणि मधली ४५५ ची जागा सिरॅमिक रेझोनेटरनें पडताळून पाहिली. लघुलहरींसाठीं ६ आणि १२ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल होतेच. शिवाय भाच्यानें एका टाकून दिलेल्या रंगीत टी. व्ही. मधून ४.४३३६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल काढून आणला. आपल्याकडील दूरदर्शनचे रंग ज्या संख्येच्या आधारानें उमटत ती ही. तिची दुप्पट ८.८६७ आणि तिप्पट १३.३, अशा आणखी दोन खुणा हातीं आल्या.

"मग मामा, क्रिस्टलच थेट रेडिओला कां नाहीं लावीत ?" असें भाच्यानें विचारलें. प्रश्न योग्य होता. क्रिस्टल एकच संख्या सांगतो. आत्येच्या रेडिओच्या आय. एफ. टी. पिळल्या जाऊन ४५५ सोडून कोठें गेल्या आहेत, तें शोधावयाचें तर पुढें मागें फिरणारी लहर लागते. हरवलेल्या माणसाला शोधावयास त्याच्या घरच्या पत्त्यावर उभें राहून चालत नाहीं.

रात्रीं दहानंतर, घरांतील दिवे व पंखे बंद करून आम्ही हें काम करीत असूं, कारण नव्या तऱ्हेच्या दिव्यांचा व मोबाइलच्या चार्जरांचा लघुलहरींवर फार कचरा पडतो. श्रावण चालू होता. पावसाची सर येऊन हवा गार झाली कीं खुणेवर ठेवलेली लहर पुन्हां शीळ घालूं लागे; डबा गरम होईतों, म्हणजे अर्धा तास, तिच्याकडे दुर्लक्ष करणें हाच उपाय. एकदां भाचा डबा कॉलेजांत नेऊन ऑसिलोस्कोपवर लावून आला. प्रीसेट सैल सोडला तेव्हां माथे चेपलेले दिसले, आणि बेतावर आणला तेव्हां लहर स्वच्छ, गोल झाली, असें त्यानें चित्र काढून दाखविलें.

सोळा वेढ्यांची कॉइल फिरवीत असतां एका रात्रीं आम्ही ७ मेगाहर्ट्झच्या थोडें वर येऊन थांबलों आणि भाच्याला म्हणालों, "ही जागा लक्षांत ठेव." ४२.३४ मीटर म्हणजे सुमारें ७.०८ मेगाहर्ट्झ. २७ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईंत चौपाटीजवळच्या एका घरांतून काँग्रेस रेडिओ सुरू झाला तो ह्याच लहरीवर. उषा मेहता त्या वेळीं बावीस वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या. विठ्ठलदास व चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर हे साथीदार, आणि शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींचें यंत्रसामग्रीच्या बाबतींत साहाय्य. पोलिसांच्या शोधक मोटारी मागावर असतां यंत्र एका घरांतून दुसऱ्या घरांत हलवीत त्यांनीं तें सुमारें अडीच महिने चालविलें. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं अटक झाली. खटल्यांत उषाबाईंना चार वर्षांची, बाबूभाईंना पांच वर्षांची शिक्षा झाली. झवेरी व मोटवानी ह्यांच्यापैकीं विठ्ठलदास व मोटवानी सुटले, चंद्रकांतांना एक वर्ष मिळालें. युद्ध सुरू होतांच १९३९ मध्यें हौशी लोकांचे परवाने थांबवून त्यांचीं प्रक्षेपक यंत्रें पोलिसांत जमा करविलीं होतीं; म्हणजे आमच्यासारखा निरुपद्रवी पसारासुद्धां त्या वेळीं राजद्रोहाचा मुद्देमाल ठरला असता.

आत्या अंथरुणावरून हें ऐकत होती असें दिसतें. "आमच्या चाळींत खिडक्या लावून ऐकत," ती म्हणाली. "आम्हां मुलांना खोलींतून बाहेर काढीत आणि अंगणांत खेळावयास सांगत. कोणी शिपाई दिसला तर मोठ्यानें भांडावयाचें, एवढें आमचें काम." ती तेव्हां बारा वर्षांची होती.

भाच्यानें लागलीच विचारलें कीं आपण डब्याला एक लांब तार जोडली तर कोठवर ऐकूं जाईल. आम्हीं तार जोडूं दिली नाहीं. परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना घेतल्यावांचून हवेंत लहर सोडणें हा १९३३ च्या बिनतारी कायद्याप्रमाणें त्या वेळीं गुन्हा होता (१८८५ चा तारकायदा व तो, ह्या दोहोंची जागा घेण्यासाठीं २०२३ सालीं नवा कायदा झाला), आणि कायदा बाजूला ठेवला तरी दुसऱ्याच्या कानांत आपली शीळ घालणें सभ्यपणाचें नव्हे.

जुळवणीला तीन रात्री लागल्या. व्हॉल्व्हच्या रेडिओंत अडीचशें व्होल्ट मोकळे असतात, म्हणून भाच्याला डावा हात खिशांत ठेवण्याची सक्त ताकीद होती. लोखंडी स्क्रूड्रायव्हर कॉइलीजवळ नेला कीं तिची कंपसंख्याच बदलते. तेव्हां विणकामाची एक प्लॅस्टिकची सुई टोंकाशीं कानशीनें चपटी केली. (तिच्या जोडीची सुई आतां एकटीच आहे, हें आम्हांस वेळोवेळीं ऐकविलें जातें.) शोधून पाहतां पहिली आय. एफ. टी. ४३१ वर आणि दुसरी ४४४ वर सांपडली. शेवटच्या टोकाकडून सुरुवात करून एकेक स्क्रू पाव पाव वेढा फिरवीत ४५५ वर आणीत गेलों, आणि अंधारांत तो हिरवा डोळा हळूहळू मिटत गेला. व्हॉल्व्ह जुना, प्रकाश मंद. तरी दिसत होतें.

लघुलहरींवर खालीं ६ मेगाहर्ट्झला कॉइलीचा गाभा आणि वर १२ ला ट्रिमर. एक नीट केलें कीं दुसरें बिघडतें, म्हणून आठ-दहा फेऱ्या. वरच्या टोकाला आणखी एक भुताटकी असते. १२ ची लहर डायलवर १२ ला लागते आणि ११.०९ च्या सुमारासहि लागते, कारण ४५५ च्या दुपटीइतक्या अंतरावर तिची प्रतिमा पडते. ट्रिमरलाहि तशाच दोन जागा सांपडतात. त्यांतली कमी कपॅसिटीची ती खरी. आमची लहर अशुद्ध असती तर ह्यांत तिसरें भूत आलें असतें, कारण ६ मेगाहर्ट्झच्या लहरीची दुप्पटहि १२ वरच येते आणि कोणती कोणाची तें ओळखणें अशक्य झालें असतें. प्रीसेटवर घालविलेल्या रात्रींचा मोबदला येथें मिळाला.

चौथ्या दिवशीं सकाळीं आत्येला खुर्ची देऊन रेडिओसमोर बसविलें. तिनें बटण डावीकडे टेकविलें आणि वेढे मोजूं लागली. ओंठ हलत होते. रेडिओ सिलोनची हिंदी सेवा ११,९०५ किलोहर्ट्झवर असे. ती थांबली, गाणें होतें, पण कडेला होतें. "एक जव अलीकडे पाहिजे," ती म्हणाली. आमच्या क्रिस्टलनें बारा मेगाहर्ट्झ बरोबर सांगितले होते. परंतु कारखान्यांत पूर्वी तो रेडिओ जसा जुळविला गेला असेल त्यांतली चूक क्रिस्टलला ठाऊक नव्हती, ती आत्येच्या बोटांना ठाऊक होती. भाच्यानें पाठीमागून विणकामाच्या सुईनें ट्रिमर किंचित् सरकविला. तिनें पुन्हां डावीकडून वेढे मोजले. "अजून." पुन्हां. पांचव्या वेळीं ती थांबली ती बटणावरून हात काढून मागें टेकली आणि आम्ही दोघे बोलत होतों म्हणून आम्हांस गप्प बसावयास सांगितलें.

डबा नंतर भाच्यानें बोरिवलीस नेला. त्यांत त्यानें तिसरी कॉइल घातली असून शेजारच्या दोन जुन्या रेडिओंवर हात चालविला आहे. बी. बी. सी. ची हिंदी सेवा ३१ जानेवारी २०२० रोजीं लघुलहरींवरून बंद झाली. त्यानंतरहि संध्याकाळीं आत्या वेढे मोजून त्या जागीं बटण आणी, थोडा वेळ नुसती खरखर ऐके, आणि मग पुढें जाई.